घरगुती नकला

नानांना कुठलंही काम सांगितलं की आधी ते घाबरत, आणि मग "हो" म्हणत. "नाही" म्हणायला लागणारं धैर्य त्यांच्यापाशी नव्हतं. ताईच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या वेळीही तसंच झालं.

ताई म्हणजे नानांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा दोन धाकट्या भावांना तिनेच वाढवलं, आणि पुढे नोकरी म्हणून जलतरण तलावावर अख्ख्या गावाला पोहायला शिकवलं. वाढदिवस त्याच तलावाच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये करायचा, असं तिच्या लेकीने ठरवलं. भाची मोठी कर्तबगार होती. तिने सगळ्यांना फोन करून कामं वाटली, आणि शेवटचा फोन नानांना केला.

"नानामामा, तुम्ही फक्त करमणुकीचं बघा."

"मी? अगं, मी छापखान्यातला माणूस. लोकांच्या चुका काढत आयुष्य गेलं. मला करमणुकीतलं काय कळतं?"

"तुम्हाला काही करायचं नाहीये हो. एजन्सी असते. तुम्ही जायचं, सांगायचं, यायचं."

"आणि नाही आवडलं लोकांना तर?"

"तर आम्ही तुम्हाला तलावात ढकलू," भाची म्हणाली आणि तिने फोन ठेवला. ती गंमत करत होती, हे नानांना कळत होतं. तरी आपल्याला पोहता येत नाही, हेही त्यांना आठवलं. ताईच्या हाताखाली अख्खं गाव शिकलं, सख्खा भाऊ तेवढा कोरडा राहिला होता.

एजन्सीचं ऑफिस टायरच्या दुकानावर होतं. जिना चढताना रबराचा वास येत होता. आत भिंतभर फोटो, कोपऱ्यात स्पीकरची चळत, आणि पाहुण्यांसाठी ठेवलेल्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर अस्वलाचं भलंमोठं केसाळ डोकं. नाना दुसऱ्या खुर्चीवर बसले. अस्वल त्यांच्याकडेच बघत होतं.

एजन्सीच्या बाई गोल चेहऱ्याच्या, भरभर बोलणाऱ्या होत्या. "जादूगार देऊ?"

"नको. ताईला कुणी फसवलेलं चालत नाही."

"ऑर्केस्ट्रा?"

"खाली लोक पोहत असतात हो."

"मग साबणाचे फुगे. माणसाएवढे. माणूस आत उभा राहतो."

"सत्तर वर्षांच्या बाईला?"

"मागे एका न्यायाधीशांनी मागवले होते. आनंदाने रडले बिचारे." बाईंनी नानांना जरा निरखून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुम्ही वाचणारे दिसता. तुम्हाला काहीतरी वेगळं देते. घरगुती नकला."

ही घरगुती नकलांची तऱ्हा नानांनी कधी ऐकली नव्हती. एजन्सीचा नकलाकार कार्यक्रमाला पाहुणा बनून यायचा. सगळ्यांच्या आधी यायचा, चहा प्यायचा, गप्पा मारायचा, चार जणांत मिसळायचा. तो कोण हे कुणालाच ठाऊक नसायचं, अगदी पैसे देणाऱ्यालाही नाही. आणि मग चहापाणी झाल्यावर तो उठायचा, माईक हातात घ्यायचा, आणि तिथे जमलेल्या माणसांच्याच नकला करायचा. सिनेनट नाहीत, पुढारी नाहीत. घरचा काका, घरची मावशी, शेजारी.

"लोकांना राग नाही येत?"

"राग?" बाई हसल्या. "अहो, ज्यांची राहून जाते ते भांडतात."

नानांना कल्पना पसंत पडली. आपल्या डोक्यातून आली असती तर त्यांना तिची भीतीच वाटली असती. दुसऱ्याच्या डोक्यातली होती म्हणून बरी वाटली. ताईच्या आवाजाची नक्कल तर कुणीही करेल. पाण्यातल्या तीस हात लांबच्या पोराला ती "कोपर वर!" म्हणून ओरडली की काठावरची माणसंसुद्धा कोपर वर करत. भाचीची लगबग, जावयांचं प्रत्येक वाक्याआधीचं "बेसिकली"... नाना मनातल्या मनात हसले. सही करून खाली उतरले आणि आयुष्यात प्रथमच आपण एखादं काम फत्ते केलं, अशा रुबाबात घरी गेले.

बापूचा विचार त्यांच्या मनात आला नाही. येण्याचं कारणच नव्हतं. बापू म्हणजे शेंडेफळ. लहानपणी फार गंभीर दिसे म्हणून बापू हे नाव पडलं, ते केस पांढरे झाले तरी टिकलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. बोलताना अडखळायचा. साधं तोतरं बोलणं नव्हतं ते. शब्द घशात यायचा आणि तिथेच बंद दाराआड थांबायचा. बापू डोळे मिटायचा, बोटाने हवेत बटण दाबल्यासारखं करायचा, आणि मग पाहणाऱ्याचा जीव टांगणीला लागला की एकदम शब्द बाहेर यायचा, तोही पुढचे चार शब्द बरोबर घेऊन. लिफ्टच्या विहिरीत एकट्याने काम करायचं त्याला फार आवडे. घरच्या समारंभांना तो हळूहळू येईनासा झाला होता. भांडण नाही, रुसवा नाही. आधी उशिरा यायला लागला, मग लवकर निघायला लागला, आणि एक दिवस कुणाच्या तरी लक्षात आलं, की बापू हल्ली येतच नाही. ताई दर खेपेला त्याला बोलवायची आणि दर खेपेला त्याची खुर्ची रिकामी ठेवायची.

आणि आता ताईचा फोन आला. "नाना, बापू येतोय!"

"काय सांगतेस! तू काय केलंस?"

"मी काय करणार? त्याचाच फोन आला. त्याने फोन केला, नाना! फोनवर तो किती घाबरतो तुला माहितेय ना? मी नुसती गप्प उभी राहिले. म्हणाला, 'येतो.' एवढंच. पण म्हणाला." ताईचा तलावावरचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "ह्या वेळी तो आनंदाने घरी परत गेला पाहिजे बरं का. मला दुसरं काही नको वाढदिवसाला."

फोन खाली ठेवेपर्यंत नाना खूश होते. ठेवल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे एक माणूस उभा राहिला. चेहरा नसलेला, हातात माईक असलेला. तो डोळे मिटत होता आणि बोटाने हवेत बटण दाबत होता, आणि सगळा हॉल खो खो हसत होता.

त्यांनी तडक एजन्सीला फोन लावला. "बाई, तुमच्या त्या कलाकाराला एक निरोप द्या. माझ्या भावाची..."

"थांबा, थांबा! मला सांगू नका. कलाकाराला कुणाबद्दलही आधी सांगायचं नाही, हा आमचा नियम आहे. एकदा सांगितलं की तो तेवढंच बघत राहतो."

"मग तो कोण ते मला सांगा. मी बोलतो त्याच्याशी."

"ते तर मुळीच नाही. गिऱ्हाईकाला कळलं की गिऱ्हाईक त्याच्याकडेच बघत बसतं. मग काय मजा राहिली?"

"मग कार्यक्रमच रद्द करा."

"करते की. पण दुसरं काही मिळणार नाही आता. सगळे बुक आहेत. अस्वलसुद्धा."

नानांनी रद्द केलं नाही. भाचीने ताईला "करमणुकीचं सरप्राइज आहे, नानामामांनी ठरवलंय" असं आधीच सांगून टाकलं होतं.

"मग बापूभावजींना सांगून टाका ना," नानांची बायको म्हणाली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"सांगितलं तर तो येणारच नाही."

"मग भाचीला सांगा."

"ती सगळ्यांना फोन करून बजावेल, बापूसमोर जपून बोला म्हणून. आणि सगळे जपून बोलायला लागले की त्याला दोन मिनिटांत कळेल."

"मग गप्प बसा. अहो, ते पन्नाशी उलटलेले गृहस्थ आहेत. तुम्ही त्यांच्याबद्दल असे बोलता, जसं काही त्यांना अजून कडेवर घ्यायचंय."

"तुला नाही कळायचं," नाना म्हणाले. बायकोला पुष्कळ कळतं, हे त्यांना माहीत होतं. म्हणूनच त्यांनी पुढे तिला काही विचारलं नाही.

समारंभ दुपारचा होता. खाली तलावात सुट्टीची पोरं धिंगाणा घालत होती, त्यांचा आवाज फरशीतून वर येत होता. हॉलला क्लोरिनचा वास, खिडक्यांच्या काचांवर वाफ. ताईचे शिष्य झुंडीने येत होते. टकले, जाडे, कडेवर नातवंडं घेतलेले. नानांना त्यांतलं एकही माणूस माहीत नव्हतं, आणि त्यांतलं प्रत्येक माणूस तो नकलाकार असू शकत होतं. ते दारापाशी खुर्च्या लावायचं निमित्त करून उभे राहिले. कुणी जरा हसून बोललं की ते त्याच्याकडे संशयाने बघत.

बापू आला तो जिन्याने. आल्या आल्या त्याने तलावाच्या इमारतीतल्या छोट्या लिफ्टच्या दाराला कान लावला.

"हिचा..." तो थांबला. डोळे मिटले. बोट हलकेच पुढे झालं. "...आवाज बरोबर नाही, सांग कुणालातरी."

"सांगतो, सांगतो. कसा आहेस? बस ना. बसतोस? पाणी?" नाना इतक्या हळू आणि इतक्या गोड आवाजात बोलले, की बापूने त्यांच्याकडे जरा वळून पाहिलं.

"तू बरा आहेस ना?"

"मी? मला काय झालंय!"

ताई धावत आली आणि तिने बापूला मिठीत घेतलं. भाचीही आली, जावई आले. सगळे बापूशी नानांसारखंच बोलले, सावकाश, मान तिरकी करून. बापू हसून मान हलवत राहिला आणि मग खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. काचेवरची वाफ हाताने पुसून तो खालचं पाणी बघत होता.

आता नानांची शोधमोहीम सुरू झाली. केकच्या टेबलापाशी एक टकले गृहस्थ होते. ते ज्याच्या त्याच्या जवळ जात, कान अगदी पुढे करून ऐकत, आणि नावं विचारत. जावयांना तर त्यांनी तीन-तीनदा "काय म्हणालात?" म्हणून पुन्हा बोलायला लावलं. दुसरं कोण असणार? नानांनी धीर एकवटला, त्यांच्या खांद्याला हात लावून बाजूला घेतलं आणि कानाशी लागून म्हणाले, "मी तुम्हाला ओळखलं. एकच विनंती आहे. तो खिडकीपाशी माझा भाऊ आहे. त्याची तेवढी नक्कल करू नका."

गृहस्थांनी दुसरा कान पुढे केला. "ह्या कानात बोला! त्या कानात पाणी गेलंय, पोहण्याचं! कुणाची नक्कल?"

ते "नक्कल" इतक्या मोठ्याने आलं, की केकपाशी मांडामांड करणारी भाची सुरी हातात धरून वळली. नानांनी चोरून खिडकीकडे पाहिलं. बापूची पाठ होती. त्याने ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

"काही नाही, काही नाही. चहा घ्या."

"घेतला! दोनदा घेतला!" गृहस्थ आनंदाने म्हणाले.

नाना बाहेर व्हरांड्यात गेले आणि त्यांनी एजन्सीला फोन लावला. "बाई, पाया पडतो तुमच्या. एका माणसाच्या सबंध आयुष्याचा प्रश्न आहे."

बाई धंद्यातल्या होत्या, पण दगडाच्या नव्हत्या. "हे बघा, नाव मी सांगणार नाही. पण आल्यापासून तुमच्या लक्षात सगळ्यांत कमी राहिलेलं माणूस कोण, ते आठवा."

हे म्हणजे न वाचलेलं पान आठवण्यासारखं होतं. नाना डोळे मिटून उभे राहिले. टकले गृहस्थ नाहीत. लाल शर्टवाला नाही, तो सारखा गात होता. जुळी बाळं घेऊन आलेलं जोडपं नाही. आणि मग त्यांना एक हात आठवला. सुरुवातीला खुर्च्या लावताना कुणीतरी "द्या इकडे" म्हणून त्यांच्या हातातली खुर्ची घेतली होती. बाई होती. चेहरा? आठवेना. निळसर स्वेटर होता. तिने खुर्ची कुठे नेली? खिडकीपाशी.

नाना हॉलमध्ये धावतच आले. निळसर स्वेटरवाली बाई बापूच्या शेजारी बसली होती आणि बापू बोलत होता. चांगला रंगात येऊन बोलत होता. मध्येच थांबत होता, डोळे मिटत होता, बोट पुढे करत होता, आणि ती बाई एका जागी शांत बसून त्याच्याकडे बघत होती. त्याचं सगळं टिपून घेत होती! कॅमेऱ्यासारखी!

"जरा येता का? महत्त्वाचं काम आहे," नाना तिला म्हणाले. बापूला म्हणाले, "आलोच हं."

व्हरांड्यात त्यांनी सरळ हातच जोडले. "तुम्हीच ना त्या?"

बाई हसली. जवळून पाहिल्यावर ती चाळिशीची दिसली, चेहरा साधा, कुठल्याही रांगेत उभा असलेला वाटेल असा. "कळलं का तुम्हाला? मॅडम रागावतील."

"माझ्या भावाची नक्कल करू नका."

"त्यांचीच सगळ्यात छान होईल, असं वाटतंय मला. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी बाहेरून कसं बोलायचं, ते सांगत होते. माणूस आत घाबरलेला असतो, हे बाहेर अडखळतात, आणि आतला माणूस ह्यांचाच शब्द पुरा करायच्या नादात स्वतः घाबरायचं विसरतो म्हणे. मी इतकी हसले! तेही हसत होते."

बापूने ही गोष्ट नानांना कधी सांगितली नव्हती. ते क्षणभर गोंधळले. पण भीती जास्त जुनी होती.

"एकट्याशी हसणं वेगळं. चार लोकांत वेगळं. तो उठून जाईल, आणि पुन्हा कधी येणार नाही. तुम्ही त्याला ओळखत नाही."

"त्यांना विचारून बघू का?"

"नको! विचारायचं तर मुळीच नाही!"

बाईने खांदे उडवले. खालून शिट्टी वाजली, पोरं ओरडली. "तुम्ही गिऱ्हाईक आहात. तुम्ही म्हणाल तसं. पण सगळ्यांची करायची आणि एकाला सोडायचं, ते दिसतं बरं का."

"कुणाला कळतंय एवढ्या गर्दीत," नाना म्हणाले आणि त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. किती दिवसांनी छाती मोकळी झाली होती! छपाईला जाता जाता शेवटच्या क्षणी चूक सापडावी, तसं त्यांना वाटलं.

केक कापला गेला. ताईने मेणबत्त्यांवर फुंकर घातली ती एखाद्या बुडत्याला शुद्धीवर आणावं तशी. आणि मग निळसर स्वेटरवाली बाई उठली, माईकपाशी गेली, आणि काही न सांगता, ओळख न करता, तिने छाती पुढे काढली.

"कोपर वर!"

अख्ख्या हॉलने दचकून ताईकडे पाहिलं. ताईने स्वतः दचकून स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. मग जो हशा पिकला, तो खालच्या तलावापर्यंत गेला असेल. त्यानंतर बाईने थांबायचं नावच घेतलं नाही. भाची आली: एका हातात फोन, दुसऱ्या हातात सुरी, "तुम्ही फक्त बसा, मी करते सगळं, तुम्ही का बसलात नुसते?" जावई आले: "बेसिकली मी काय म्हणतो, बेसिकली मला काहीच म्हणायचं नाहीये." टकले गृहस्थ आले, एका कानाने आणि चहाच्या दोन कपांनिशी, आणि ते स्वतःच सगळ्यात मोठ्याने हसले, अर्थात "काय म्हणाली?" असं शेजाऱ्याला विचारून झाल्यावर. नानांची बायको आली, टेबलावरच्या रुमालांच्या घड्या घालत. आणि नानाही आले. बाई नुसती दाराशी उभी राहिली, पाठीला बाक काढला, आणि येणाऱ्या प्रत्येकाकडे तो बाँब घेऊन आलाय अशा नजरेने बघू लागली. लोक हसून हसून वाकले. "अगदी हुबेहूब!" बायको म्हणाली. नानांचे कान लाल झाले, पण आश्चर्य म्हणजे त्यांना बरं वाटलं. आपण दिसतो, आपल्याला कुणीतरी बघतं, असं काहीसं.

ते बापूकडे बघत होते. बापू खुर्चीच्या टोकावर आला होता, गुडघ्यांवर हात टेकून. प्रत्येक नकलेला तो टाळी देत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता. आणि प्रत्येक नक्कल संपली की थोडासा सरळ बसत होता. शाळेत हजेरी चालू असते आणि आपलं नाव जवळ येत असतं, तसा.

तेव्हा नानांच्या लक्षात यायला लागलं. पण बाईने माईक खाली ठेवून सगळ्यांना नमस्कार केला होता आणि टाळ्या सुरू झाल्या होत्या.

बापूनेही टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत शेवटपर्यंत तोच वाजवत राहिला. त्याचं हसू तोंडावरच होतं, फक्त आत कुणीतरी दिवा मालवल्यासारखं दिसत होतं. हळूहळू बाकीच्यांच्याही ध्यानात आलं. ज्याची नक्कल एखादं लहान मूलसुद्धा करेल, तोच तेवढा राहिला होता. टाळ्या विरल्या. लोक केकच्या बश्यांमध्ये बघायला लागले. कुणीतरी उगाच खोकलं. ही शांतता कशाची आहे, ते सगळ्यांना कळत होतं, आणि सगळ्यांना कळतंय हे बापूला कळत होतं.

तो उठला. खुर्चीच्या पाठीवरची पिशवी त्याने खांद्याला लावली. "ताई, मी..." त्याने डोळे मिटले. हॉलमध्ये कुणी श्वास घेत नव्हतं. "...निघतो आता."

ताईने नानांकडे पाहिलं. नाना सगळ्या खुर्च्यांमधून वाट काढत, एकदोघांच्या पायांवर पाय देत बापूच्या आडवे आले.

"बापू, मीच सांगितलं होतं तिला. तिची काही चूक नाही. मी हात जोडले तिला, तुझी करू नको म्हणून."

"का?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"माझी..." बापू थांबला. आणि ह्या वेळी जो थांबला, तो फार वेळ. कुणीतरी मदत म्हणून पुढचा शब्द पुटपुटलं, तर ताईने त्याला डोळ्यांनी गप्प केलं. "...मी तिला मुद्दाम नीट दाखवत होतो रे! मला कळलं होतं ती कोण आहे ते. मघाशी त्या गृहस्थांनी केवढ्याने 'नक्कल' म्हटलं, आणि मग ही येऊन मला इतकं निरखून बघायला लागली! मी म्हटलं, चला, आज आपली पण होणार."

नानांना धरणीने पोटात घ्यावं असं झालं. "मग करेल की ती. आत्ता करेल. बाई, करा हो ह्याची."

निळसर स्वेटरवाली बाई माईककडे वळली. पण बापूने हात वर केला.

"तिने नको. तिने तुला शब्द दिलाय. तू कर."

"मी?"

"जन्मभर ऐकतोयस. तू कर."

"अरे, मला चार लोकांत नाव सांगता येत नाही स्वतःचं!"

"मग जातो मी," बापू म्हणाला. एकदाही न अडखळता.

"नाना, जा," ताई म्हणाली. हा आवाज तलावावरचा होता. त्या आवाजावर लोक खोल पाण्यात उड्या मारत आले होते. नाना माईककडे गेले. समोर ताईच्या सगळ्या शिष्यांचे चेहरे, बायकोचा चेहरा, भाचीचा वासलेला 'आ', आणि सगळ्यांच्या मागे, दाराजवळ, खांद्याला पिशवी लावलेला बापू.

नानांनी ठरवलं होतं, पहिला शब्द 'बापू' म्हणायचा. पुढचं पुढे. त्यांनी तोंड उघडलं. शब्द आला, घशापर्यंत आला, आणि तिथे थांबला. त्यांनी रेटा दिला. हलेना. त्यांनी डोळे मिटले. ओठांवर ओठ दाबले गेले, मानेच्या शिरा ताणल्या, कानांत रक्त घुमायला लागलं. एवढ्याशा शब्दामागे एवढं वजन असतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. एवढी माणसं वाट बघतायत, ह्याचंच वजन होतं ते. त्यांचा हात आपोआप वर आला आणि हवेत चाचपडू लागला.

मागून हसण्याचा आवाज आला. बापू होता. "बघा! बघा, अगदी..." तो स्वतःच अडकला, हसता हसता अडकला, "...अगदी असंच होतं!"

मग हॉल फुटला. टकल्या गृहस्थांनी मांडीवर थाप मारली, ताई डोळे पुसत हसत सुटली. सगळ्यांना वाटलं, नानांनी कमाल केली. फक्त नानांना माहीत होतं, की त्यांनी नक्कल केलीच नव्हती. शब्द अजून बाहेर आलेला नव्हता आणि त्यांचा श्वास कोंडत चालला होता.

ते आणखी एकाला कळलं. हशा चालू असताना बापू खुर्च्यांमधून पुढे आला, नानांच्या अगदी जवळ उभा राहिला, आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, "ओढू नकोस त्याला. सोड. थांब थोडा. येतो तो."

नानांनी ओढायचं सोडलं. खांदे खाली आले. ते थांबले.

"बापू," ते म्हणाले.

"हं. बोट मात्र चुकलं," बापू म्हणाला. त्याने पिशवी खांद्यावरून काढून माईकच्या पायाशी ठेवली आणि निळसर स्वेटरवाल्या बाईकडे वळला. "पुढच्या वर्षी..." त्याने डोळे मिटले, आणि सगळा हॉल, ताईसकट, निवांत वाट बघत बसला. "...तुम्हीच करा हो माझी. ह्याच्या भरवशावर नाही राहता येत."

"पुढच्या वर्षी कशाला?" ताई ओरडली. "ती आत्ता मोकळीच आहे ना? आणि तू उभा काय राहिलास, बापू? केक कोण खाणार तुझा?"